तोंडाला चवच नाही, काय खाऊ?

मागच्या अंकात केमोमधल्या, म्हणजे कॅन्सरवरच्या औषधोपचारामधल्या, थकव्याबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी सहज म्हटलं होतं की जेवणाबद्दल काही अडत असेल तर कळवा. त्यानंतर जी पत्रं आली ती वाचताना जीव कळवळला, कारण जवळजवळ प्रत्येक पत्रात एकच वाक्य होतं, की आजाराचं आम्ही सहन करतोय पण हे जेवण नको झालंय. मी डाएटिशियन आहे, बरीच वर्षं केमो घेणाऱ्या पेशंट्ससोबत काम करतेय, त्यामुळे हे वाक्य मला नवीन नाही. यातली सहा पत्रं आज घेतलीयेत. फक्त मी तुमचे रिपोर्ट बघितलेले नाहीत हे लक्षात असू द्या, जिथे डॉक्टरांना विचारा असं लिहीन तिथे खरंच विचारा.

ताई, मला ब्रेस्ट कॅन्सर आहे, डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड चालू आहे, चारपैकी दोन केमो झाल्या. पहिल्या केमोनंतर तीन-चार दिवसांनी तोंडात लोखंडाची चव यायला लागली, जसं काही नाणं चघळतेय. पाणी पण तसंच लागतं. चहा तर ओतून दिला. घरचे म्हणतात मनावर घेऊ नकोस, तुझ्या डोक्यात बसलंय ते. मलाच आता शंका यायला लागलीय. काय खाऊ?

आधी घरच्यांना हे वाचून दाखवा: हे डोक्यातलं नाही, जिभेवरचं आहे. जिभेवरच्या चवीच्या पेशी फार थोडे दिवस जगतात, साधारण दहा दिवस ते दोन आठवडे, मग जुन्या जातात नव्या येतात, असं आयुष्यभर चालूच असतं. आणि केमोचं औषध नेमकं भराभर वाढणाऱ्या पेशींवर जातं, त्याला कॅन्सरची पेशी कोणती आणि जिभेची कोणती हे ओळखता येत नाही. ज्या कारणाने केस गळतात, तोंड येतं, पोट बिघडतं त्याच कारणाने चव जाते. नाकातल्या वास घेणाऱ्या पेशीसुद्धा अशाच सतत नव्या होत असतात, आणि आपण ज्याला चव म्हणतो त्यातलं निम्म्याहून जास्त काम खरं तर नाक करत असतं, सर्दी झाली की जेवण कसं फिकं लागतं ते आठवा. त्यात लाळ कमी होते. काही औषधं तर थोडीफार लाळेतून तोंडात उतरतात म्हणून काही जणांना सलाईन चालू असतानाच तोंड कडू पडतं. तुम्ही औषधांची नावं लिहिलीयेत, डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड, या दोन्हींनी चव बदलते, पुढे पॅक्लिटॅक्सेल किंवा डोसिटॅक्सेल दिलं तर त्यांनीही बदलते, सिस्प्लॅटिन कार्बोप्लॅटिनवाल्यांची तर ही नेहमीची तक्रार.

आता करायचं काय. जेवायच्या आधी तोंड धुवायचं, ही गोष्ट इतकी साधी आहे की कोणी मनावर घेत नाही, पण मी सगळ्यात आधी हीच सांगते. एक लिटर कोमट पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खाण्याचा सोडा, रोज ताजं करायचं, बाटलीत भरून ठेवायचं, आणि दर जेवणाआधी आणि नंतर त्याने चूळ भरायची, गिळायचं नाही. तोंडात साचलेली ती चव थोडा वेळ तरी धुतली जाते आणि तेवढ्या वेळात चार घास आत जातात. बाजारातलं झोंबणारं माउथवॉश नको, त्यात अल्कोहोल असतं, तोंड अजून कोरडं पडतं. स्टीलचा चमचा बाजूला ठेवा, प्लॅस्टिकचा किंवा लाकडी घ्या, ताट-वाटी काचेची किंवा चिनी मातीची. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ज्यांना धातूची चव येते त्यांना याने खूप फरक पडलेला मी बघितलाय.

आणि एक प्रयोग सांगते तो घरी करून बघा. माझ्याकडे एक निवृत्त शिक्षिका यायच्या, त्यांचं म्हणणं सगळंच पुठ्ठ्यासारखं लागतं, काही देऊ नका. मी एक वाटी साधं भाज्यांचं सूप घेतलं आणि चार छोट्या कपांत ओतलं. एक तसाच ठेवला, एकात चिमूटभर मीठ, एकात लिंबाचे चार थेंब, आणि एकात लिंबाबरोबर किंचित साखर. त्यांनी पहिला कप तोंडाला लावून तसाच खाली ठेवला, मिठाचा पण ठेवला, लिंबाच्या कपाशी जरा थांबल्या, भुवया वर गेल्या, आणि चौथा कप काही न बोलता पूर्ण संपवला, मग खालचा थेंब चमच्याने काढून घेतला. त्या दिवशी त्यांना सापडलं की आत्ता त्यांच्या जिभेला आंबटगोड कळतंय. तेव्हापासून हा चार कपांचा खेळ मी सगळ्यांना करायला लावते. साधारण असं पडतं की धातूसारखं किंवा कडू लागत असेल तर थोडं गोड आणि थोडं आंबट घातलं की दबतं, काहीच कळत नसेल तर मीठ आणि लिंबू, सगळं खारट लागत असेल तर लिंबू घालून मीठ कमी करायचं, सगळं गोडमिट्ट लागत असेल तर पुन्हा आंबट. पण तुमची जीभ माझ्या हिशोबाने चालेलच असं नाही म्हणून कप मांडून बघायचे, आणि दर केमोनंतर नव्याने मांडायचे कारण मागच्या वेळचं उत्तर या वेळी चालत नाही. तोंड आलेलं असेल, फोड असतील तर मात्र लिंबू, व्हिनेगर, टोमॅटो, मिरची काहीही आंबट-तिखट नको, आग आग होईल.

मटण-चिकन जास्त लोखंडी लागतं अशी बऱ्याच जणांची तक्रार असते, तर काही दिवस सोडून द्या, अंडी, दही, चीज, कडधान्यं, मासे यातलं जे जाईल ते घ्या. पाणी जात नसेल तर त्यात लिंबाची चकती, पुदिन्याची पानं, काकडीचे काप टाकून झाकून ठेवा आणि एकदम ग्लासभर न पिता घोट घोट घेत रहा. चहा ओतून दिलात ते बरोबर केलंत, नको वाटतं ते ओतून द्यायचं, हट्टाने गिळायचं नाही. का ते पुढच्या पत्रात सांगते.

ताई, मी एकवीस वर्षांची आहे, घरात मी आणि आई दोघीच. आईची तिसरी केमो झाली. तिला खीर सगळ्यात जास्त आवडायची, म्हणून मी केमोच्या दिवशी सकाळी लवकर उठून मुद्दाम खीर करायचे की निदान आवडीचं चार घास खाऊन जाईल. पहिल्या वेळी खाल्ली. दुसऱ्या वेळी थोडी खाल्ली. या वेळी मी पातेलं गॅसवर ठेवलं आणि ती वासानेच उठून बाथरूममध्ये गेली. नंतर रडली, म्हणाली तू इतकं करतेस आणि मी हे असं. मी पण रडले. आमचं आता रोज जेवणावरून वाजतं, मी म्हणते दोन घास खा, ती म्हणते नको, मग मी चिडते. माझं काय चुकतंय?

तू एकवीसची आहेस म्हणून तू म्हणते, राग मानू नकोस. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तुझ्या प्रेमात काही चुकलेलं नाही, फक्त दिवस चुकला, आणि हे तुला कोणी आधी सांगायला हवं होतं.

आपल्या मेंदूत एक फार जुनी सोय आहे. काही खाल्लं आणि त्यानंतर काही तासांत उलटी झाली, पोटात ढवळलं, तर मेंदू त्या खाल्लेल्या पदार्थावर फुली मारतो, पुन्हा हे तोंडात घालायचं नाही. विषारी काही खाल्लं गेलं तर पुढच्या वेळी जीव वाचावा म्हणून ही सोय. गंमत अशी की मेंदूला समजावून फायदा नसतो. तुझ्या आईला पक्कं माहितीये की मळमळ औषधाने झाली, खिरीने नाही, तरी फुली खिरीवरच बसते. जॉन गार्सिया नावाच्या शास्त्रज्ञाने १९५५ मध्ये उंदरांवर हे दाखवलं, गोड पाणी पाजलं आणि रेडिएशन दिलं, नंतर उंदीर गोड पाण्याला तोंड लावेनात. आणि १९७८ मध्ये आयलीन बर्नस्टीन या संशोधिकेने केमो घेणाऱ्या लहान मुलांमध्ये बघितलं, केमोच्या आधी एका वेगळ्याच चवीचं आईस्क्रीम दिलं, काही आठवड्यांनी परत तेच पुढे केलं तर ज्यांना केमोने मळमळ झाली होती त्यातल्या बहुतेक मुलांना ते नको होतं. लहान मुलांना आईस्क्रीम नको, विचार कर.

तर खीर तीन वेळा केमोच्या तोंडाशी आली आणि तिच्यावर फुली बसली. आता यावर काय करायचं ते. खीर काही महिने घरात करायचीच नाही, नावही काढायचं नाही, तिला वास येईल असं शेजारीही नको. केमो संपून मळमळ पूर्ण गेल्यावर बघू, बऱ्याचदा हळूहळू परत येते आवड. जे अजून तिला आवडतंय, ते केमोच्या आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि नंतरचे दोन-तीन दिवस ताटात येऊ द्यायचं नाही, सांभाळून ठेवायचं, चांगल्या दिवसांसाठी. त्या दिवसांत साधं, ज्याच्यावर तिचा काही खास जीव नाही असं द्यायचं, टोस्ट, मऊ भात, उकडलेला बटाटा, बिस्किट, ज्यावर फुली बसली तरी नुकसान नाही असं. याच्याही पुढची युक्ती आहे, त्याच बर्नस्टीनबाईंनी १९८७ मध्ये सहकाऱ्याबरोबर मुलांवर करून बघितली होती, जेवण आणि केमो यांच्या मधे एक अनोळखी ठसठशीत चवीची गोळी चघळायला दिली, तर फुली त्या गोळीवर बसली आणि जेवण बऱ्यापैकी सुटलं. म्हणजे बळीचा बकरा एक गोळी. तुझ्या आईने कधी न खाल्लेल्या चवीच्या चार गोळ्या आणून ठेव आणि केमोला जाताना एक दे, खर्च काही नाही, त्रास काही नाही.

मळमळीच्या गोळ्या ती कशा घेते ते बघितलंस का? खूप जण मळमळ सुरू झाली की गोळी घेतात. मळमळ एकदा चढली की उतरवणं जड जातं, डॉक्टरांनी जी वेळ लिहून दिलीये त्या वेळेला घ्यायची, बरं वाटत असलं तरी, आणि केमोनंतरचे चार-पाच दिवस तर नक्कीच कारण काही औषधांची मळमळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर धरते. गोळ्या घेऊनही उलट्या थांबत नसतील तर गप्प बसू नका, डॉक्टरांकडे दुसऱ्या गोळ्या असतात, बदलून मिळतात. मळमळीच्या ऑनडॅनसेट्रॉन या गोळीने काही जणांना बद्धकोष्ठ होतं आणि पोट साफ नसलं की अजून भूक मरते, ते पण विचार.

वासाचं म्हणशील तर कांदा-लसूण परतत असताना आईला स्वयंपाकघरापासून लांब ठेव, खिडकी उघडी, पंखा चालू. गरम पदार्थाची वाफ नाकात जाते म्हणून तिला कोमट किंवा गार दे, दही, कापलेली फळं, गार सँडविच. (आईच्या औषधांत ऑक्झॅलिप्लॅटिन असेल तर गार नको, खालचं पत्र वाच.) सूप द्यायचं तर झाकणाच्या कपातून स्ट्रॉने. झाकण तिच्यासमोर उघडू नकोस, आत उघडून वाफ जाऊ दे मग आण.

आणि रोजचं भांडण. ताट भरून समोर ठेवलं की पेशंटला पोट भरल्यासारखं वाटतं, आणि ते संपवलं नाही की अपराध्यासारखं वाटतं. ताट बंद कर. छोटी वाटी, दोन-तीन तासांनी एकदा, भूक लागायची वाट न बघता, कारण भूक लागणारच नाहीये. वाटी ठेवून तू दुसऱ्या खोलीत जा. शेजारी बसून किती गेलं मोजू नकोस, तिने नाही खाल्लं तर वाटी उचल आणि काही बोलू नकोस, तासाभराने दुसरं काही ठेव. तू चिडतेस ते भीतीने, मला कळतं, ती बारीक होत चाललीये हे बघवत नाही. तर ती भीती तिच्याशी न बोलता तिच्या नर्सशी बोल, डाएटिशियनशी बोल, आठवड्याचं वजन लिहून त्यांना दाखव. आणि तू स्वतः जेवतेस ना गं? पत्रात त्याचा कुठे उल्लेख नाही.

वडिलांना आतड्याचा कॅन्सर आहे. दुसऱ्या केमोनंतर घरी येऊन त्यांनी फ्रिजमधलं पाणी प्यायलं आणि घशात काटे टोचल्यासारखं झालं, श्वास अडकतोय असं वाटलं, आम्ही घाबरून गेलो. थोड्या वेळाने बरं वाटलं. हे काय होतं?

औषधांच्या यादीत ऑक्झॅलिप्लॅटिन हे नाव शोधा, आतड्याच्या कॅन्सरसाठी खूप वापरतात. त्याने नसा थंडीला इतक्या हळव्या होतात की थंड पाण्याच्या घोटाने घसा आवळल्यासारखा वाटतो, बोटांना मुंग्या येतात, फ्रिजमधली बाटली हातात धरली तरी टोचतं. श्वासनलिका खरं तर बंद होत नाही, पण वाटतं तसं, आणि ते फार भीतीदायक असतं. त्यामुळे केमोच्या दिवसापासून पुढचे काही दिवस, तुमचे डॉक्टर सांगतील तितके, सगळं कोमट: पाणी, दूध, फळंसुद्धा फ्रिजमधून काढून तासभर बाहेर ठेवून. फ्रिज त्यांना उघडू देऊ नका, गार पाण्यात हात नको, थंडी असेल तर नाका-तोंडावर रुमाल. आणि झालेला प्रकार डॉक्टरांना जरूर सांगा, पुढच्या डोसच्या आधी. पुन्हा कधी श्वासाला त्रास झाला आणि कोमट पाण्याने, थोड्या वेळाने उतरला नाही, किंवा अंगावर पुरळ, चेहऱ्याला सूज असं काही दिसलं तर थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल.

हे मुद्दाम वेगळं लिहितेय कारण केमोत बर्फ चघळा असा सल्ला खूप फिरतो. तो चुकीचा नाही, ५-फ्लुरोयुरॅसिल हे औषध झटकन एका इंजेक्शनात देतात तेव्हा आधी पाच मिनिटं आणि एकूण अर्धा तास बर्फ तोंडात ठेवला तर तोंड येणं कमी होतं, हे तपासून बघितलेलं आहे. पण ऑक्झॅलिप्लॅटिनबरोबर बर्फ म्हणजे वरचा त्रास ओढवून घेणं. दुसऱ्याचा सल्ला घेण्याआधी आपल्या औषधाचं नाव बघा, एवढंच.

बायकोची केमो चालू आहे. नातेवाईकांनी सांगितलं साखरेवर कॅन्सर वाढतो, म्हणून साखर, गूळ, फळं, भात, दूध सगळं बंद केलं. फक्त भाज्यांचा रस आणि काही पावडरी चालू आहेत. दोन महिन्यांत सहा किलो वजन उतरलंय. ती म्हणते मला गोडच खावंसं वाटतं, बाकी काही जात नाही. देऊ का?

द्या. आज संध्याकाळीच द्या.

साखरेचं हे आलं कुठून ते सांगते, कारण ते हवेतून आलेलं नाही. १९२० च्या दशकात ओटो वॉरबर्ग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने बघितलं की कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज खूप जास्त ओढतात. हे खरंच आहे, पेट स्कॅन त्यावरच चालतो, किंचित किरणोत्सर्गी साखर टोचतात आणि ती जिथे जास्त जमते तिथे चमकतं. पण त्याच स्कॅनमध्ये मेंदूही चमकतो कारण मेंदूलाही ग्लुकोजच लागतं. शरीरातली प्रत्येक पेशी ग्लुकोजवर चालते आणि तुम्ही साखर बंद केली तर शरीर ते दुसरीकडून बनवतं, शेवटी स्वतःचे स्नायू तोडून बनवतं. म्हणजे गाठ उपाशी राहत नाही, बायको राहते. रोज भरमसाठ साखर कोणीच खाऊ नये हे वेगळं, आणि तिला डायबिटीस असेल किंवा केमोबरोबर डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दिलं असेल तर त्याने रक्तातली साखर काही दिवस चढते, तेव्हा तपासणी करून डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे.

सहा किलो दोन महिन्यांत हा आकडा मला घाबरवतोय. सहा महिन्यांत वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त उतार हा कुपोषणाचा इशारा धरतात, आणि तिचं मूळ वजन साठ किलो असेल तर हा उतार दहा टक्के झाला, तोही दोन महिन्यांत. अशा उताराने केमोचा डोस कमी करावा लागतो, कधी पुढे ढकलावा लागतो, आणि ज्या केमोसाठी एवढं सोसतोय तीच अर्धवट राहते. कॅन्सरच्या पेशंटला वजनाच्या दर किलोमागे रोज एक ते दीड ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे पन्नास किलोच्या बाईला पन्नास ते पंच्याहत्तर ग्रॅम (किडनीचा त्रास असेल तर हिशोब वेगळा, विचारा). एका अंड्यात सहा ग्रॅम, पाव लिटर दुधात आठ. भाज्यांच्या रसात जवळजवळ काहीच नाही, वाईट वाटेल पण खरं तेच आहे.

तिला गोड जातंय ना, मग तीच वाट धरायची. दुधात तीन-चार चमचे दूध पावडर मिसळा, त्यात केळं आणि शेंगदाण्याचं बटर फिरवा, मिल्कशेक झाला. कस्टर्ड, गोड दही, पुडिंग ज्यात अंडं नीट शिजलंय, आईस्क्रीम. भातावर, सूपमध्ये, बटाट्यात लोणी किंवा तेल जास्तीचं एक चमचा, तेवढ्याच घासात जास्त ताकद जाते. सकाळी तिची तब्येत बरी असते की संध्याकाळी ते बघा, बहुतेकांची सकाळ बरी असते, मग मोठं जेवण सकाळीच उरकायचं, कोण म्हणतं नाश्त्याला जेवण चालत नाही.

आणि त्या पावडरींची डबी डॉक्टरांना नेऊन दाखवा, नाव सांगून नाही, डबी घेऊन. नैसर्गिक आहे म्हणून चालतंय असं नसतं. ग्रेपफ्रूट हे साधं फळ, पण काही औषधांचं रक्तातलं प्रमाण त्याने बदलतं. कॅपेसिटाबाइन या केमोच्या गोळ्या चालू असतील तर फॉलिक ॲसिडच्या जास्तीच्या गोळ्यांनी केमोचे दुष्परिणाम वाढतात. कॅपेसिटाबाइनची गोळी जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यायची असते हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. नातेवाईकांवर राग धरू नका, त्यांना काहीतरी करायचं असतं आणि काय करावं ते सुचत नसतं. त्यांना मिल्कशेक करायला सांगा.

केमोत कच्चं अजिबात खायचं नाही, सगळं उकडूनच खायचं असं सांगतात. उकडलेलं खाऊन मला वीट आलाय. एक सफरचंद खाऊ शकत नाही का?

तुमच्या डॉक्टरांनी तुमच्यासाठी खास मनाई केलेली नसेल तर खा की. पूर्वी पांढऱ्या पेशी कमी झाल्या की सगळं कच्चं बंद करायची पद्धत होती, पण नंतरच्या अभ्यासांत त्या कडक पथ्याने इन्फेक्शन कमी होतं असं काही दिसलं नाही, स्वच्छता पाळली की पुरतं. सफरचंद वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायचं, हात साबणाने, सुरी स्वच्छ, कापलं की लगेच खायचं. ज्याला खरंच नाही म्हणायचं ते म्हणजे अर्धकच्चं अंडं, अर्धकच्चं मांस-मासे, न तापवलेलं न पाश्चराइझ केलेलं दूध आणि त्याचं चीज, मोड आलेली कच्ची कडधान्यं. शिजवलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, परत गरम करताना वाफा निघेपर्यंत. केमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात, ते दिवस जास्त जपा. घरात थर्मामीटर असू द्या, ताप ३८ सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट झाला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करायचा, आधी तापाची गोळी घेऊन सकाळची वाट बघायची नाही.

माझी केमो संपून तीन महिने झाले. केस परत यायला लागले, सगळे म्हणतात आता तू बरी झालीस. पण जेवणाची चव काही परत आली नाही. सणासमारंभाला लोक मिटक्या मारत जेवतात आणि मी नुसतं चावत बसते. हे आयुष्यभर असंच राहणार का? जस्ताच्या गोळ्या घेऊ का? कुणाला सांगितलं की म्हणतात जीव वाचला ना, चवीचं काय घेऊन बसलीस.

चवीचं घेऊन बसायचंच. दिवसातून तीन-चार वेळा ज्याने आनंद व्हायचा ती गोष्ट गेलीये, त्याचं दुःख होणारच, आणि जीव वाचल्याचा आनंद एका बाजूला असताना हे दुःख दुसऱ्या बाजूला असू शकतं, दोन्ही खरं.

बहुतेकांची चव केमो संपल्यावर काही आठवड्यांत ते तीन-चार महिन्यांत परत येते, म्हणजे तुम्ही अजून त्याच वेळेत आहात. ज्यांना डोक्या-मानेच्या भागात रेडिएशन दिलेलं असतं त्यांना वर्ष किंवा त्याहून जास्त लागतं आणि तोंडाचा कोरडेपणा राहूही शकतो, पण तुम्ही रेडिएशन नाही लिहिलंय. एका दिवसात स्विच लावल्यासारखी येत नाही, एक एक पदार्थ परत येतो, बऱ्याच जणींना तर आधी कळतही नाही. म्हणून एक वही करा, दर पंधरा दिवसांनी तेच पाच-सहा पदार्थ एक एक घास खाऊन काय लागलं ते लिहा. बेचव, कडू, किंचित कळलं, जसं असेल तसं. जो नको वाटला तो तिथेच सोडायचा, पंधरा दिवसांनी परत. जस्ताच्या गोळ्यांबद्दल तुम्ही विचारलंय, त्यावर अभ्यास झालेत पण केमोने गेलेल्या चवीला त्यांचा पक्का फायदा दिसला नाही, तर आपल्या मनाने सुरू करू नका. तोवर चवीवर विसंबून न राहता जेवणात बाकीचं आणा: कुरकुरीत काही, गार-गरम एकत्र, वर भाजलेले दाणे, रंग. जिभेला चव कळत नसली तरी दातांना कुरकुर कळते.

एक गोष्ट मात्र लांबणीवर टाकू नका. आज रात्री आरशासमोर उजेडात जीभ बाहेर काढून बघा, गालांच्या आतून बघा. पांढरे दह्यासारखे चट्टे असतील, पुसले की खाली लाल दिसत असेल, तर ते बुरशीचं इन्फेक्शन असू शकतं, केमोत आणि नंतरही होतं, त्याने तोंडाची चव पार बिघडते आणि औषधाने ते बरं होतं. चट्टे नसले तरी पुढच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टर सगळं ठीक ना असं विचारतील, तेव्हा हो म्हणून उठू नका, खुर्चीत बसून रहा आणि सांगा की तीन महिने झाले, मला चव येत नाही. हिरड्या आणि दात दाखवा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी न्या, बीपीच्या आणि इतरही काही गोळ्यांनी चव बदलते. आणि वही सोबत न्या.